रणधुमाळीतील एक पार्लमेंट

इतिहास म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे लढाया उभ्या राहतात. कोण जिंकला, कोण हरला, कोणत्या सरदाराने ऐन वेळी घोडा पुढे घातला, या हकीगती आपण आवडीने वाचतो, आणि त्यात गैर असे काहीच नाही. परंतु लढाई चालू असता तिकडे राजधानीतल्या एखाद्या दिवाणखान्यात बाकांवर बसलेली माणसे काय करीत होती, शिपायांच्या जोड्यांना पैसा कोणी मंजूर केला, जळालेल्या गावाची सूट कोणी ठरविली, आणि नवरा लढाईत पडलेल्या बाईचा अर्ज कोणी वाचून पाहिला, हे सहसा कोणी विचारीत नाही. आज आम्ही आपणांस त्या दिवाणखान्यात घेऊन जाणार आहोत. देश आहे स्कॉटलंड, आणि काळ आहे १६४४ ते १६४६. या दोन वर्षांत स्कॉटलंडच्या पार्लमेंटने तीन फौजा पोसल्या, सहा पराभव पाहिले, प्लेगच्या भीतीने तीन वेळा गाव बदलले, कैद्यांची डोकी उडविली, आणि शेवटी उठता उठता शाळांचा एक कायदा केला. एकाच सभेने हे सारे कसे केले, आणि तिच्याविषयी आपण काय मत करावे, हा आमचा आजचा प्रश्न आहे.

प्रथम थोडी पार्श्वभूमी सांगितली पाहिजे. १६०३ साली स्कॉटलंडचा राजा सहावा जेम्स इंग्लंडच्याही गादीवर बसला व लंडनला राहावयास गेला. राजा एक, पण राज्ये दोन, पार्लमेंटे दोन, आणि चर्चही दोन तऱ्हांची, अशी ही व्यवस्था होती. त्याचा मुलगा पहिला चार्ल्स याने लंडनमध्ये बसून स्कॉटलंडच्या चर्चवर नवे प्रार्थनापुस्तक लादले. १६३७ च्या जुलैत एडिंबरोच्या सेंट जाइल्स चर्चमध्ये ते वाचावयास घेताच दंगल उसळली. १६३८ च्या फेब्रुवारीत सरदारांपासून कारागिरांपर्यंत हजारो लोकांनी देवाला साक्ष ठेवून एका करारनाम्यावर सह्या केल्या. हाच तो ‘कॉव्हेनंट’, आणि यावरूनच त्या पक्षाला कॉव्हेनंटर हे नाव पडले. त्यांनी बिशपांना काढून लावले, राजाशी दोन वेळा युद्ध केले, आणि मग त्यांचे लक्ष पार्लमेंटकडे वळले.

पार्लमेंट स्कॉटलंडला नवे नव्हते. पण तोपर्यंत ते राजाच्या मुठीत होते. सारे कायदे ‘लॉर्ड्स ऑफ द आर्टिकल्स’ नावाची एक लहान कमिटी तयार करी. ही कमिटी राजाच्या मर्जीतील माणसांची असे. सभासदांनी पहिल्या दिवशी जमावे, कमिटी निवडावी, आणि शेवटच्या दिवशी परत येऊन तिने मांडलेल्या गठ्ठ्याला मान डोलवावी, एवढेच त्यांचे काम. १६३३ साली तर चार्ल्स स्वतः सभेत बसला होता, आणि विरुद्ध मत देणाऱ्यांची नावे आपल्या हाताने टिपून घेत होता. अशा सभेत किती जणांची जीभ मोकळी होत असेल, हे आम्ही आपणांस सांगावयास नको.

१६४० च्या जूनमध्ये राजाने सभा पुढे ढकलली असताही सभासद जमले. राजाचा प्रतिनिधी आला नाही, तेव्हा त्यांनी लॉर्ड बर्ली याला आपल्यातूनच अध्यक्ष निवडले आणि कामाला लागले. बिशपांचे मंडळ पार्लमेंटमधून काढून टाकले. सरदार, परगण्यांतील जमीनदारांचे प्रतिनिधी, आणि सनदी शहरांचे प्रतिनिधी अशी तीन मंडळे ठेवली. पूर्वी एका परगण्याचे दोन प्रतिनिधी आले तरी मत एकच असे. ते आता प्रत्येकाला स्वतंत्र मिळाले. दर तीन वर्षांनी पार्लमेंट भरलेच पाहिजे असा कायदा केला, आणि ‘आर्टिकल्स’च्या कमिटीची सक्ती संपविली. पुढल्या वर्षी चार्ल्सला एडिंबरोस येऊन हे सारे मान्य करावे लागले.

एक गोष्ट मात्र येथेच सांगून ठेवतो, म्हणजे आपली गैरसमजूत व्हावयास नको. ही आजच्या अर्थाने लोकांची सभा नव्हे. शेतावर राबणाऱ्याला मत नव्हते, शहरातल्या मजुराला नव्हते, आणि स्त्रियांना तर नव्हतेच. जमीनदारांना जमीनदार निवडीत, आणि शहरचा प्रतिनिधी तेथील नगरपालिकेचे मूठभर व्यापारी ठरवीत. तरी पण लहान जमीनदार आणि व्यापारी हे सरदारांच्या शेजारी, एकाच दालनात बसून, त्यांच्याच तोडीचे मत देत होते. इंग्लंडात सरदारांचे सभागृह वेगळे होते, येथे सभागृह एकच होते. हा फरक लहान नव्हे.

आता दालनात चला. सेंट जाइल्सच्या मागेच १६३२ ते १६३९ या काळात एडिंबरो शहराने स्वतःच्या खर्चाने पार्लमेंटसाठी इमारत बांधली. वर ओक लाकडाचे भव्य छत, सुतारकामाचा अप्रतिम नमुना. तिचा मोठा दिवाणखाना अद्याप उभा आहे, आणि न्यायालयाचे वकील आपल्या पक्षकारांशी बोलत तेथे येरझारा घालतात. एका टोकाला उंचावर सिंहासन असे, आणि ते बहुधा रिकामे असे. राजा चारशे मैलांवर इंग्लंडात, आणि तोही लढाईत गुंतलेला. सिंहासनाखाली अध्यक्ष, मधोमध कारकुनांचे मेज, त्यावर वह्या, दौती आणि अर्जांच्या गुंडाळ्या. अधिवेशनाच्या प्रारंभी थाटाची मिरवणूक निघावयाची आणि मुकुट, राजदंड व तरवार पुढे मिरवावयाची, ही जुनी रीत. मंजूर झालेल्या कायद्याला राजदंडाचा स्पर्श करावयाचा, म्हणजे त्यास राजाची संमती मिळाली, अशी कल्पना होती. आता राजदंड होता, पण तो धरणारा राजा नव्हता.

रोजचे काम प्रार्थनेने सुरू होई. मग हजेरी. कारकून नावे वाची आणि हजर असलेल्यांची यादी उतरवून घेई. गैरहजर राहणाऱ्यास दंड असे. नंतर अर्ज व मसुदे वाचले जात. महत्त्वाच्या मसुद्याची नक्कल प्रत्येक मंडळाकडे जाई, आणि सरदार, जमीनदार व शहरे आपापल्या जागी वेगळी बसून त्यावर खल करीत. मग पुन्हा सारे एकत्र जमत आणि नावे पुकारून मते घेतली जात. खरे काम कमिट्यांत होई. करभाराची कमिटी, पैशाची कमिटी, राजद्रोहाच्या खटल्यांची कमिटी, नुकसानभरपाईच्या अर्जांची कमिटी, आणि प्रत्येकीत तिन्ही मंडळांचे सारखे सभासद, अशी पद्धत होती. सभा उठली म्हणजे पुढल्या सभेपर्यंत ‘कमिटी ऑफ इस्टेट्स’ राज्य चालवी. तिचे काही सभासद एडिंबरोत बसत, काही फौजेबरोबर फिरत.

सर जेम्स बाल्फर नावाचा विद्वान गृहस्थ राजचिन्हांच्या खात्याचा मुख्य अधिकारी होता. त्याने सभेत काय काय झाले याची दिवसवार टिपणे ठेवली. ती चाळली म्हणजे गंमत वाटते. एका ओळीत रणांगणावरची बातमी, दुसऱ्या ओळीत कोणा सरदाराच्या सनदेची मंजुरी, तिसरीत कोणा व्यापाऱ्याचे देणे. युद्ध आले म्हणून गावच्या जत्रांचे वाद, वारसाहक्क, कर्जे आणि भाऊबंदकी थांबत नाही, आणि ते सारे दारात येऊन उभे राहते. ज्यांनी आपल्याकडील पेशवे दफ्तरातील कागद चाळले असतील, त्यांना हे नवल वाटणार नाही.

परंतु सर्वांत मोठे काम पैशाचे. १६४३ साली इंग्लंडचे पार्लमेंट राजाशी झुंजताना अडचणीत आले आणि त्याने स्कॉटलंडची मदत मागितली. दोन्ही देशांत नवा धार्मिक करार झाला. १६४४ च्या जानेवारीत म्हाताऱ्या अलेक्झांडर लेस्लीच्या हाताखाली सुमारे २१,००० ची स्कॉटिश फौज ट्वीड नदी ओलांडून इंग्लंडात शिरली. खर्चापोटी इंग्लंडने महिना ३०,००० पौंड द्यावयाचे ठरले होते, पण ते वेळेवर येतच नसत. दुसरी फौज १६४२ पासून आयर्लंडात होती. तिसरी लवकरच घरी उभारावी लागली. दहा लाखांच्या आसपास वस्तीचा, गरीब, ओट पिकविणारा देश. त्याने तीन फौजा कशा पोसाव्यात?

पार्लमेंटने आणि त्याच्या धाकट्या भावंडाने, म्हणजे करापुरत्या बोलाविलेल्या इस्टेट्सच्या सभेने, याची वाट काढली. १६४४ च्या प्रारंभी अबकारी कर आला. बिअर, दारू, तंबाखू या सर्वांवर तो बसला. स्कॉटलंडच्या व्हिस्कीवर पहिला कर त्या वेळचा, पिंटाला २ शिलिंग ८ पेन्स, अर्थात स्कॉटिश पेन्स. स्कॉटिश १२ पौंड म्हणजे इंग्रजी १ पौंड, हे लक्षात ठेवावे. १६४५ साली त्याहून मोठी गोष्ट झाली. प्रत्येक परगण्याने आणि शहराने दर महिन्याला ठरावीक रक्कम भरावी असा मासिक कर बसला, आणि तो वाटून देण्यासाठी जमिनीच्या उत्पन्नाची आकारणी झाली. पुढील शतकातील जमीनकराची घडी बसली ती यातूनच.

वरून हुकूम सुटला तरी खाली त्याची अंमलबजावणी कोणी करावयाची? परगण्यापरगण्यात युद्धकमिट्या नेमल्या होत्या. कर्कूब्री भागातील अशा एका कमिटीची १६४० व १६४१ मधील कामकाजाची वही सुदैवाने शिल्लक राहिली आणि १८५५ साली छापली गेली. चार जणांमागे एक या हिशेबाने शिपाई द्यावयाचे, फौज सोडून पळालेल्याला धरून आणावयाचे, जोडे आणि कापड जमवावयाचे, हे त्या कमिटीचे काम. त्या वहीतील सर्वांत बोलकी पाने चांदीची आहेत. टाकसाळीत नाणी पाडण्यासाठी घरोघरची चांदी मागितली गेली, आणि लोकांनी आपले पेले व चमचे आणून, वजन करून, कमिटीच्या हवाली केले. परत देण्याचे वचन अर्थात होते. संसारातला चांदीचा चमचा तराजूत पडतो, तेव्हा युद्ध दूरच्या रणांगणावरून आपल्या फडताळापर्यंत आलेले असते.

आणि मग युद्ध खरोखरीच घरी आले. माँट्रोजचा मार्क्विस जेम्स ग्रॅहॅम हा मूळचा कॉव्हेनंटर, १६४० च्या मोहिमेत पुढे असलेला. परंतु पुढे त्याला आर्गाइलच्या मार्क्विसचे वर्चस्व सहन होईना, आणि राजाविरुद्ध इतक्या थरास जाणे त्याला मान्य नव्हते. तो राजाच्या बाजूस गेला. आयर्लंडातून आलेले शिपाई आणि हायलंडचे डोंगरी लोक हाताशी धरून त्याने १ सप्टेंबर १६४४ रोजी टिपरम्यूर येथे आणि १३ सप्टेंबरला ॲबर्डीन येथे पार्लमेंटच्या फौजा उधळल्या. ॲबर्डीन शहर लुटले गेले. बाहेर इंग्लंडात जय मिळत होता आणि घरात पराजय होत होता.

१६४५ च्या जानेवारीत पार्लमेंट एडिंबरोत भरले. त्याच महिन्यात अध्यक्ष लॉर्ड लॉडरडेल वारले. त्यांच्या जागी क्रॉफर्ड-लिंडसे याची निवड करून काम पुढे चालू झाले. २ फेब्रुवारीला इन्व्हरलॉखी येथे माँट्रोजने आर्गाइलच्या कॅम्बेल जमातीचा संहार केला, सुमारे दीड हजार माणसे पडली. आर्गाइल स्वतः गलबतावर होता, त्याने तो पराभव पाण्यावरून पाहिला आणि शिडे उभारली. ११ फेब्रुवारीला पार्लमेंटने माँट्रोजला राजद्रोही ठरवून त्याचे वतन जप्त केले. दुसऱ्या दिवशी आर्गाइल सभेत आला, एक हात गळ्यात बांधलेला. सभेने त्याचे आभार मानले. हेन्री गथ्री नावाचा लेखक सांगतो की, त्या वेळी लॉर्ड बाल्मेरिनो उठले आणि आपली माणसे तीसहून अधिक पडली नाहीत, बाकी साऱ्या शत्रूपक्षाने उठविलेल्या अफवा आहेत, असे त्यांनी शपथेवर सांगितले. गथ्री पुढे बिशप झाला आणि तो या पक्षाचा मित्र नव्हता, तेव्हा त्याचे सांगणे जरा जपूनच घ्यावयास हवे. पण युद्धकाळी सभागृहात बसलेल्या माणसांना खरा आकडा ऐकणे किती जड जाते, हे कोणत्याही देशाच्या रहिवाशास ठाऊक आहे. दीड हजारांचे तीस होतात आणि सभा पुढील विषयाकडे वळते.

आता दुसरा शत्रू आला. न्यूकॅसलच्या वेढ्यानंतर इंग्लंडातून प्लेग स्कॉटलंडात शिरला. १६४५ च्या उन्हाळ्यात एडिंबरो त्याने भरून गेले. शेजारच्या लीथ बंदरात निम्म्याच्या आसपास माणसे मेली असे मानतात. प्लेगच्या साथीत घरे सोडून गावाबाहेर झोपड्यांत राहावयास गेलेल्या माणसांच्या हकीगती आपल्या आजोबा-पणजोबांनी आपल्या शहरांतूनही सांगितलेल्या आहेत. तसेच तेथे झाले. पार्लमेंटने आपले दप्तर उचलले आणि जुलैत ते स्टर्लिंगला भरले. तेथेही रोग जवळ आला, म्हणून दोनतीन आठवड्यांत पर्थला गेले. पर्थजवळ माँट्रोजचे घोडेस्वार दिसू लागले. एका बाजूस प्लेग, दुसऱ्या बाजूस तरवार, आणि मध्ये कारकून हजेरी घेत आहे, असे ते चित्र होते.

पर्थ येथील एक प्रसंग शिकण्यासारखा आहे. घरच्या फौजेचा सेनापती विल्यम बेली हा कसलेला शिपाईगडी होता. नुकताच जुलैत ॲल्फर्ड येथे तो हरला होता. त्याने राजीनामा पुढे केला. सभेने त्याचे आभार मानले, राजीनामा घेतला नाही, आणि त्याच्याबरोबर एक कमिटी जोडून दिली. त्या कमिटीत कोण होते? टिपरम्यूरला हरलेला एल्को, ॲबर्डीनला हरलेला बर्ली, आणि इन्व्हरलॉखी पाण्यावरून पाहिलेला आर्गाइल. १५ ऑगस्ट १६४५ रोजी किलसिथ येथे, बेलीच्या मनाविरुद्ध, शत्रूच्या डोळ्यांदेखत फौज एका बाजूने दुसऱ्या बाजूस हलविण्याचे या मंडळीने ठरविले. फौज चालत असतानाच माँट्रोज तिच्यावर कोसळला, आणि काही शिल्लक राहिले नाही. कर बसविण्यास कमिटी उत्तम, हिशेब तपासण्यास कमिटी उत्तम, पण रणांगणावर मते मोजून हुकूम देता येत नाहीत. हा धडा त्यांस हजारो माणसांचे मोल देऊन मिळाला.

किलसिथनंतर सारा देश माँट्रोजच्या पायाशी होता. त्याने काय करावे? त्याने राजाच्या नावाने २० ऑक्टोबरला ग्लासगो येथे पार्लमेंट बोलाविले! ही गोष्ट आम्हांस फार मोठी वाटते. तरवारीने देश जिंकलेला माणूसही तरवारीवर विसंबून राहिला नाही. पार्लमेंटवाचून कर नाही, पार्लमेंटवाचून राज्य कायदेशीर नाही, हे शत्रूनेही मान्य केले होते. ती सभा भरलीच नाही. इंग्लंडातून डेव्हिड लेस्ली घोडदळ घेऊन धावत आला आणि १३ सप्टेंबरला फिलिपहॉ येथे सकाळच्या धुक्यात त्याने माँट्रोजचा धुव्वा उडविला. शरण आलेले आयरिश शिपाई आणि छावणीतील बायका यांची तेथे कत्तल झाली, हेही सांगितले पाहिजे.

२६ नोव्हेंबर १६४५ रोजी पार्लमेंट सेंट अँड्रूज येथे भरले. हे समुद्रकाठचे जुने विद्यापीठाचे गाव. विद्यापीठाच्या नव्या ग्रंथालयाखालचे दालन सभेस मिळाले. आजही त्याला ‘पार्लमेंट हॉल’ म्हणतात. पहिल्याच दिवशी वॉरिस्टनचा आर्चिबाल्ड जॉन्स्टन उठला. हा वकील, १६३८ च्या करारनाम्याच्या लेखकांपैकी एक, तीव्र बुद्धीचा आणि तितक्याच तीव्र मनाचा मनुष्य. माँट्रोजची चलती असताना कोण कोण त्याच्याकडे झुकला याची चौकशी प्रथम आपल्यातच करा, मग पुढचे काम, असे त्याने सभेस बजावले. भ्यालेली सभा जिंकली म्हणजे कशी वागते, ते येथे दिसू लागते.

डिसेंबरात हुकूम निघाला की, निरनिराळ्या तुरुंगांत असलेल्या आयरिश कैद्यांस खटला न चालविता ठार करावे. नंतर बड्या कैद्यांची पाळी आली. त्यांत सर रॉबर्ट स्पॉटिसवुड होता. हा स्वतः एके काळी देशातील सर्वोच्च न्यायालयाचा अध्यक्ष होता. त्याने फिलिपहॉ येथे हाती तरवार धरली नव्हती, राजाचे हुकूमपत्र माँट्रोजकडे नेले हा त्याचा मुख्य अपराध. कैद्यांचे म्हणणे असे की, आम्ही जीवदानाच्या वचनावर शस्त्रे खाली ठेवली. यावर सभेत वाद झाला. रणांगणावर शिपायाने दिलेले वचन पार्लमेंटवर बंधनकारक आहे काय? सभेने ठरविले, नाही. १६४६ च्या जानेवारीत सेंट अँड्रूजच्या बाजारपेठेतील चव्हाट्यावर स्पॉटिसवुड, नॅथॅनिएल गॉर्डन, अँड्रू गथ्री यांची आणि दोनतीन दिवसांनी विल्यम मरे या विशीही न उलटलेल्या तरुणाची डोकी उडविण्यात आली. पाचवा कैदी लॉर्ड ओगिल्व्ही मात्र निसटला. त्याची बहीण तुरुंगात भेटावयास गेली, त्याच्या बिछान्यावर निजली, आणि तो तिची वस्त्रे घालून पहारेकऱ्यांच्या देखत बाहेर पडला.

आणि आता आम्ही त्या गोष्टीकडे येतो, जिच्यासाठी ही हकीगत आपल्यापुढे मांडली. मारेकऱ्याचे काम आटोपून पंधरा दिवसही झाले नव्हते. सभासद घरी जाण्याच्या गडबडीत होते. ४ फेब्रुवारीला सभा उठली. तत्पूर्वी दोन दिवस, २ फेब्रुवारी १६४६ रोजी, त्याच दालनात, त्याच माणसांनी एक कायदा मंजूर केला. ज्या ज्या पॅरिशमध्ये, म्हणजे एका चर्चखालच्या मुलखात, शाळा नसेल तेथे शाळा स्थापावी आणि शिक्षक नेमावा. शाळेला जागा तेथील वतनदारांनी द्यावी. शिक्षकाला वर्षाला १०० मर्कांहून कमी नाही आणि २०० मर्कांहून अधिक नाही असे वेतन, दोन हप्त्यांत द्यावे. मर्क म्हणजे स्कॉटिश पौंडाचा दोनतृतीयांश. वतनदारांनी टाळाटाळ केली तर आसपासच्या पाद्रींच्या पंचायतीने त्या भागातील बारा सचोटीची माणसे नेमावी, आणि त्यांनी ठरविलेली रक्कम वसूल व्हावी.

शाळांचा विचार त्या देशात नवा नव्हता. १६१६ साली राजाच्या मंत्रिमंडळाने हुकूम काढला होता, १६३३ साली पार्लमेंटने त्यास मान्यता देऊन कर बसविण्याचा अधिकार बिशपांकडे दिला होता. पण बिशप गेले आणि कराची दोरी तुटली. १६४६ च्या कायद्याने ती पुन्हा बांधली. यात धर्माचा हेतू होता, हे उघड आहे. प्रत्येकाला बायबल वाचता यावे, ही त्यांची इच्छा. पण या कायद्यातील मुख्य मुद्दा पैशाचा आहे. शाळा असावी असे म्हणणारे पुष्कळ असतात. तिचा खर्च कोणी द्यावा, किती द्यावा, आणि न दिल्यास काय करावे, एवढे सांगणारा कायदा विरळा. आणि हे शहाणपण त्या सभासदांस कोठून आले? आम्हांस वाटते, मागील पाच वर्षांच्या रोजच्या कामातूनच आले. फौजेच्या जोड्यांसाठी गावोगावची आकारणी करता करता, टाळाटाळ करणाऱ्या जमीनदाराकडून वसुली करता करता, ते राज्यकारभार शिकले होते. जो हात शिपायाचा खर्च वाटून देत होता, त्यानेच शाळामास्तराचा वाटून दिला.

पुढे काय झाले? राजाला १६४७ साली इंग्लंडच्या पार्लमेंटच्या हवाली केले, १६४९ साली त्याचा वध झाला. १६५० च्या मे महिन्यात माँट्रोज पकडला गेला, एडिंबरोच्या त्या ओकच्या छताखाली गुडघे टेकवून त्याला शिक्षा ऐकविली आणि दुसऱ्या दिवशी फाशी दिले. १६५१ साली क्रॉमवेलच्या सैन्याने ‘कमिटी ऑफ इस्टेट्स’ला ॲलिथ या गावी घेरून कैद केले. १६६० साली दुसरा चार्ल्स परत आला, आणि १६६१ च्या मार्चमध्ये नव्या पार्लमेंटने एका फटक्यात या सर्व वर्षांचे कायदे रद्द केले. आर्गाइलचेही डोके गेले. शाळांचा कायदाही त्याच ढिगात पडला. एवढेच काय, क्रॉमवेलने लंडनला नेलेले दप्तर परत येत असता १६६० च्या डिसेंबरात वादळात ‘एलिझाबेथ’ नावाचे जहाज बुडाले आणि कागदपत्रांची ८५ पिंपे समुद्रात गेली.

पण काही कायदे रद्द केले तरी मरत नाहीत. अनेक पॅरिशांतून शाळा चालूच राहिल्या, आणि १६९६ साली पार्लमेंटने तोच कायदा जवळजवळ त्याच शब्दांत पुन्हा केला. बारा माणसांच्या ऐवजी करवसुलीचे कमिशनर आले, १०० ते २०० मर्क तसेच राहिले, ते थेट १८०३ पर्यंत! सर्वत्र त्याचा अंमल झाला असे नाही. हायलंडच्या डोंगरांत मैलोगणती शाळा नव्हती, आणि पोरे शेतावर राबत होती. तरी लोलँडच्या खेड्यापाड्यांत शेतकऱ्याचा मुलगा लिहावाचावयास शिकू लागला, आणि स्कॉटिश माणसाचे नाव शिक्षणाशी जोडले गेले.

त्या परंपरेचा एक धागा आपल्या महाराष्ट्रापर्यंतही येतो. १८२९ साली मुंबईस उतरून मराठी शिकणारे, आणि ज्यांच्या नावाचे विल्सन कॉलेज आपणांस ठाऊक आहे ते जॉन विल्सन, लॉडर नावाच्या लहान स्कॉटिश गावात शेतकरी घरात वाढले. त्यांच्या धर्मप्रचाराशी आपल्या पूर्वजांचा वाद झाला, तो योग्यच होता. परंतु खेड्यातील मुलाला विद्यापीठापर्यंत नेणारी जी वाट त्यांस सापडली, तिचा एक दगड १६४६ च्या त्या हिवाळ्यात बसविला गेला होता.

आता निवाडा. ज्यांनी शाळेचा कायदा केला, त्यांनीच जीवदानाचे वचन मोडले. ज्यांनी शिक्षकाचे वेतन ठरविले, त्यांनीच कैद्यांना खटल्यावाचून मारले. एका गोष्टीने दुसरी धुऊन निघत नाही. शाळेसाठी त्यांस माफी देऊ नये, आणि रक्तासाठी शाळा विसरू नये. बाल्फरच्या टिपणांत दोन्ही गोष्टी एकाच शाईने लिहिल्या आहेत, आणि आपणही त्या तशाच वाचल्या पाहिजेत. त्या सभेचे पाप झाले ते रोजचे नियम सोडले तेव्हा, म्हणजे खटला नको, पुरावा नको, दिलेला शब्द नको, असे म्हटले तेव्हा. तिचे पुण्य झाले ते रोजचे नियम पाळले तेव्हा, म्हणजे हजेरी घेतली, मसुदा वाचला, तिन्ही मंडळांनी खल केला आणि खर्चाची तजवीज केली तेव्हा.

त्या पार्लमेंटचे उरलेसुरले सारे कागद सेंट अँड्रूज विद्यापीठातील विद्वानांनी आमच्या काळात संपादून कोणासही वाचावयास खुले केले आहेत. स्कॉटलंडचे जुने पार्लमेंट १७०७ साली इंग्लंडच्या पार्लमेंटाशी एक झाले होते. १९९९ साली एडिंबरोत पुन्हा स्कॉटिश पार्लमेंट भरू लागले. तेथेही आता सकाळी कारकून वह्या उघडत असतील आणि कोणी अर्ज वाचीत असेल. आपल्या गावच्या नगरपालिकेची सभा कंटाळवाणी वाटली, पाण्याच्या नळावर आणि शाळेच्या छपरावर तासभर चर्चा चाललेली ऐकून उठून जावेसे वाटले, तर सेंट अँड्रूजच्या त्या थंड दालनातील २ फेब्रुवारीचा दिवस आठवावा, आणि आणखी थोडा वेळ बसावे.